नळी बंद, काऊंट कमी, तीन आययूआय झाले : आता आयव्हीएफने नेमकं काय होणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यातलं जोडपं, स्वतःची द्राक्षबाग. बाईंचं वय ३३, नवऱ्याचं ३७, लग्नाला सहा वर्षं झाली. एचएसजीमध्ये (नळ्यांच्या एक्स-रे तपासणीत) डावी नळी बंद दिसली. नवऱ्याचा शुक्राणूंचा काऊंट मिलीलीटरला ९० लाख, हालचाल १८ टक्के. बाईंचं एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.८. तीन आययूआय (धुतलेले शुक्राणू नळीने थेट गर्भपिशवीत सोडणं) होऊन गेले. नाशिकमध्ये एका दवाखान्यात सांगितलं, लगेच आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा. दुसरीकडे सांगितलं, अजून दोन आययूआय करून बघू. घरचे म्हणतात, आधी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून या. बाई विचारतात : आयव्हीएफमध्ये करतात तरी काय, मूल आमचंच असतं ना, आणि हे सगळं ऑक्टोबर छाटणीच्या आत उरकेल का?

ताई, मी डॉक्टर नाही, एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. म्हणजे ऑपरेशन थिएटरला (ओटीला) लागून जी लॅब असते, तिथे काम करणारी. पेशंटना आमचं तोंड क्वचितच दिसतं. इंजेक्शनचा डोस, प्रोटोकॉल वगैरे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्या बंद दाराआड जे चालतं ते गेली कित्येक वर्षं रोज हाताखालून जातं, म्हणून तेवढं नीट सांगू शकते.

पहिल्यांदा तुमचे रिपोर्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे काऊंटची खालची मर्यादा मिलीलीटरला १ कोटी ६० लाख आहे आणि एकूण हालचालीची ४२ टक्के. तुमच्या मिस्टरांच्या दोन मिली सॅम्पलमध्ये हलणारे शुक्राणू धरले तर ३०-३२ लाख होतात. हा आकडा ५० लाखांच्या खाली गेला की आययूआयचं यश झपाट्याने घसरतं. त्यात एक नळी बंद, म्हणजे त्या बाजूला बीज तयार झालेला महिना जवळपास वायाच. आययूआयने ज्यांना राहायचं असतं त्यांना बहुतेक पहिल्या तीन-चार वेळांतच राहतं. तेव्हा चौथा-पाचवा आययूआय करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. ‘लगेच’ म्हणणाऱ्यांची घाईही मला पटत नाही, त्याचं कारण शेवटी येईल. पण दिशा त्यांचीच बरोबर आहे.

आता मुख्य प्रश्न. निसर्गात काय होतं ते आधी बघा. महिन्याला साधारण एक बीज फुटतं आणि नळीच्या तोंडाशी येतं. कोट्यवधी शुक्राणूंपैकी नळीत त्याच्यापर्यंत पोचतात ते फार तर काहीशे. बीजाचं फलन गर्भपिशवीत होतं असं पुष्कळांना वाटतं. ते होतं नळीत. तयार झालेला गर्भ चार-पाच दिवस नळीतून सरकत पिशवीत येतो आणि मग रुजतो. नळी बंद असेल तर भेटच होत नाही. काऊंट कमी असेल तर नळीपर्यंत पोचणारेच उरत नाहीत. आयव्हीएफ एवढंच करतं की नळीतले ते पाच दिवस लॅबमध्ये आणतं. पाचव्या दिवशी गर्भ पिशवीत ठेवला की पुढचं सगळं पुन्हा शरीराकडे.

दुसरा फायदा असा की एका महिन्यात एकाऐवजी अनेक बीजं मिळतात. ‘एवढी बीजं काढली तर साठा लवकर संपेल, पाळी लवकर जाईल’ ही भीती जवळजवळ प्रत्येक बाई बोलून दाखवते. तसं होत नाही. दर महिन्याला बीजांचा एक गट वाढायला लागतो, त्यातलं एक मोठं होतं आणि बाकीची आपोआप जिरून जातात. जी एरवी जिरणारच होती त्यांनाच इंजेक्शनं वाचवतात.

जे होत नाही तेही सांगून ठेवते. आयव्हीएफने बीजाचं वय बदलत नाही. ३३ वर्षांच्या बाईचं बीज ३३ वर्षांचंच राहतं. महागडं मशीन असो की परदेशी मीडिया (गर्भ ज्यात वाढवतात ते द्रव), लॅब बीज सुधारू शकत नाही. फार तर आहे ते बिघडू देत नाही. आमचं अर्धं कौशल्य तिथेच खर्ची पडतं.

हे तंत्र काही नवीन राहिलेलं नाही. पहिलं बाळ, लुईस ब्राऊन, इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ला जन्मलं. तिच्या आईच्याही नळ्याच बंद होत्या, आणि तेव्हा इंजेक्शनं न देता निसर्गतः आलेलं एकच बीज घेतलं होतं. लुईसला पुढे स्वतःची मुलं झाली, तीही नैसर्गिकपणे. तिच्यानंतर सवादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातलं पहिलं बाळ जन्मलं. त्यांनी औषधांनी बीजं वाढवली होती आणि गर्भ गोठवून ठेवला होता, म्हणजे आज आम्ही जे करतो त्याच्या फार जवळ. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं. १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या चमूने १९८६मध्ये बाळ जन्माला आणलं तेच बरीच वर्षं पहिलं धरलं गेलं. पुढे आनंदकुमारांनीच मुखोपाध्यायांच्या नोंदी तपासल्या आणि मान त्यांचा आहे हे जाहीरपणे सांगितलं. असा मोठेपणा आमच्या क्षेत्रात रोज बघायला मिळत नाही, म्हणून मी नव्या मुलामुलींना हे आवर्जून सांगते. जगात आजवर या पद्धतीने एक कोटीहून जास्त बाळं जन्मली आहेत.

तुमच्या बाबतीत प्रत्यक्ष काय होईल? पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून इंजेक्शनं सुरू होतील. साधारण दहा दिवस, रोज पोटावर, बारीक सुईने. पहिल्या दिवशी हात थरथरतो, चौथ्या दिवसापासून बायका स्वतःच टोचून घेतात. काही इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. गावाकडे लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा घरी बर्फाची बाटली आणि छोटा थर्मास तयार ठेवा. मात्र फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका, गोठलेलं औषध वाया जातं. एक-दोन दिवसाआड सोनोग्राफीला यावं लागेल. फुगे, म्हणजे बीजं ज्यात वाढतात त्या पाण्याच्या पिशव्या, १७-१८ मिलीमीटरचे झाले की बीजं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन मिळतं. त्याची वेळ मात्र घड्याळ लावून पाळायची, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. रात्री साडेदहाचं इंजेक्शन ‘जेवण उशिरा झालं’ म्हणून बाराला घेतलं तर आमचं सकाळचं सगळं गणित कोलमडतं.

बीजं काढायला पोटावर टाका नसतो. थोडी भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, योनिमार्गातून सुईने फुग्यातलं पाणी ओढतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. ते पाणी गरम टेस्ट ट्यूबमध्ये भिंतीतल्या खिडकीतून माझ्याकडे येतं. मी ते डिशमध्ये ओतून मायक्रोस्कोपखाली बीज शोधते. बीज एकटं येत नाही, भोवती चिकट ढगासारखं आवरण असतं आणि सरावलेल्या डोळ्याला ते नुसतंही दिसतं. दिसलं की मी खिडकीतून ओरडते, ‘एक!’ आणि ओटीत सिस्टर फळ्यावर लिहितात.

त्याच वेळी मिस्टरांचं सॅम्पल धुऊन चांगले शुक्राणू वेगळे काढतात. साध्या आयव्हीएफमध्ये एका बीजाभोवती पन्नास हजार ते एक लाख शुक्राणू सोडून देतात आणि आत कोण शिरतो ते त्यांच्यावर सोपवतात. तुमच्यासाठी बहुधा इक्सी करतील. १९९२मध्ये ब्रसेल्सच्या चमूने ही पद्धत आणली आणि काऊंट कमी असलेल्या पुरुषांचं नशीब पालटलं, कारण इथे एका बीजाला एकच शुक्राणू पुरतो. बीजाभोवतीचं आवरण साफ करायचं, ते पक्व आहे याची खात्री करायची, केसाहून बारीक काचेच्या नळीने एक शुक्राणू निवडायचा, त्याची शेपटी हलकेच दाबून त्याला थांबवायचं आणि बीजात सोडायचं. बीजाचा पडदा सुईबरोबर आत आत ताणला जातो आणि एका क्षणी सुटतो. तो क्षण हातालाच कळतो. काऊंट नॉर्मल असताना सरसकट इक्सी करण्यात जास्त फायदा नाही, पण तुमच्या रिपोर्टवर ते योग्य आहे.

मग डिश इन्क्युबेटरमध्ये. ३७ अंश तापमान, ठरावीक कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आसपास, जवळपास नळीत असतो तेवढाच. सोळा-अठरा तासांनी बघितलं की फलित बीजात दोन गोल केंद्रकं शेजारी-शेजारी दिसतात, एक आईकडचं, एक वडलांकडचं. तिसऱ्या दिवशी आठ पेशी. पाचव्या दिवशी शंभरेक पेशींचा ब्लास्टोसिस्ट, आत पोकळी आणि एका कडेला पेशींचा पुंजका. बाळ त्या पुंजक्याचं होतं, बाहेरच्या थराची वार होते.

आता जे ऐकायला अवघड जातं ते. बारा बीजं मिळाली तर त्यातली नऊ-दहा पक्व असतात. सहा-सात फलित होतात. पाचव्या दिवसापर्यंत तीन, कधी चार टिकतात. तुमचं एएमएच १.८ आहे, तेव्हा बीजं बाराच्या थोडी खालीही असू शकतात. पहिल्या दिवशी ‘दहा मिळाली’ म्हणून घरी पेढे वाटणारे आणि पाचव्या दिवशी ‘दोनच?’ म्हणून फोनवर रडणारे, दोघेही मी बघते. तुमच्या बागेत फुटीनंतर घड जिरतात तेव्हा तुम्ही वेलीवर चिडत नाही, पुढच्या कामाला लागता. इथेही गळती ठरलेलीच आहे. बहुतेकदा गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते म्हणून गर्भ मध्येच थांबतो. तो बाईने काय खाल्लं, कुठे गेली, काय उचललं याने थांबत नाही.

चांगला ब्लास्टोसिस्ट पिशवीत ठेवताना भूल लागत नाही, लघवी मात्र भरलेली ठेवायला सांगतात. मऊ कॅथेटर, पाच मिनिटं, झालं. बारा ते चौदा दिवसांनी दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ताची बीटा एचसीजी टेस्ट. मधल्या दिवसांत पाय वर करून झोपून राहायची गरज नाही. उठल्याने गर्भ पडत नाही. दिंडोरीच्या रस्त्याच्या खड्ड्यांनीही पडत नाही, हे मी शपथेवर सांगते. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका.

यश किती? चांगल्या लॅबमध्ये, ३५च्या आतल्या बाईला, एका चांगल्या ब्लास्टोसिस्टला साधारण ४० टक्क्यांच्या आसपास. चाळिशीत स्वतःच्या बीजावर ते बरंच खाली येतं आणि त्रेचाळिशीनंतर ५ टक्क्यांच्याही खाली. निरोगी तरुण जोडप्यालासुद्धा नैसर्गिकरीत्या एका महिन्यात राहण्याची शक्यता २०-२५ टक्केच असते, हे लक्षात ठेवलं तर ४० कमी वाटणार नाही. पण त्याचा अर्थ असाही आहे की पहिल्याच ट्रान्सफरला (गर्भ पिशवीत ठेवण्याला) ‘नाही’ येण्याची शक्यता ‘हो’पेक्षा जास्त आहे. म्हणून हिशेब एका ट्रान्सफरचा करायचा नाही, एका पिकअपमधून, म्हणजे एकदा बीजं काढून, मिळालेल्या सगळ्या गर्भांचा करायचा. उरलेले गर्भ उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये छान राहतात. दुसऱ्या वेळी इंजेक्शनं नाहीत, भूल नाही, खर्चही बराच कमी. पैशांची तयारी करताना हे धरून चाला. नाशिकमध्ये औषधांसकट एका पिकअपला साधारण दीड ते अडीच लाख जातात. सगळे पैसे पहिल्याच झटक्यात संपवू नका.

नाशिकच्या कॉलेज रोडवर, द्वारका चौकात, हायवेच्या फलकांवर जे ‘यशाचे’ टक्के दिसतात त्यांबद्दल एकच विचारा : कुठल्या वयाच्या बायकांत, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचे की बाळ घरी गेल्याचे? या दोन आकड्यांत बरंच अंतर असतं. पुढे पॅकेजमध्ये पीआरपी, एन्डोमेट्रियल स्क्रॅच, ईआरए, इंट्रालिपिड अशी जादा उपायांची यादी निघेल. पहिल्या प्रयत्नाला यातलं काहीही लागत नाही, सरसकट वापरायला पुरेसा पुरावा नाही. गर्भाची गुणसूत्रं तपासणारी पीजीटी तुमच्या वयाला, वारंवार गर्भपात झालेले नसताना, मी सुचवणार नाही. ते पैसे दुसऱ्या ट्रान्सफरला ठेवा. दोन-दोन, तीन-तीन गर्भ ठेवायचा आग्रहही धरू नका. ‘जुळं झालं तर एकदाच सुटलो’ असं सासूबाई म्हणतात, पण जुळ्यात दिवस आधी भरतात, बाळं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जातात आणि ते बिल आयव्हीएफला मागे टाकतं.

पैसे खर्च करायचेच तर एका ठिकाणी करा. डाव्या नळीत पाणी साठून ती फुगली आहे का ते सोनोग्राफीत नीट बघून घ्या. तशी असेल तर ते पाणी पिशवीत झिरपतं आणि गर्भ रुजण्याची शक्यता निम्म्यापर्यंत खाली आणतं. अशी नळी ट्रान्सफरआधी काढतात किंवा क्लिप लावून बंद करतात. नळी बंद होण्यामागे आपल्याकडे टीबी हे मोठं कारण आहे, म्हणून तीही शंका फेडून घ्या. आणि कधी कधी एचएसजीच्या वेळी नळी नुसती आखडते आणि बंद दिसते, हेही आहे.

धोके आहेत. बीजं खूप बनली की पोटात पाणी साठण्याचा त्रास होतो, विशेषतः पीसीओ (बीजकोशात खूप छोटे फुगे) असलेल्यांना. ट्रिगर बदलून आणि त्या महिन्यात ट्रान्सफर न करता सगळे गर्भ गोठवून तो आता बराच आटोक्यात आला आहे. पिकअपनंतर पोट फुगत चाललं, लघवी कमी झाली, दम लागला तर रात्री दोनलाही फोन करायचा.

‘मूल आमचंच असतं ना?’ हे बायका मला कुजबुजत विचारतात, पुरुष रागावल्यासारखे विचारतात. दोन्हींमागे भीती एकच. माझ्या टेबलावर एका वेळी एकाच जोडप्याचं काम असतं. प्रत्येक डिशच्या तळाला, झाकणावर नव्हे कारण झाकण बदलू शकतं, दोघांची नावं आणि नंबर असतो. प्रत्येक पायरीवर दुसरा माणूस नाव मोठ्याने वाचतो आणि सही करतो. तुम्ही ही पद्धत विचारा, लॅब दाखवा म्हणा. चांगली लॅब आत सोडणार नाही, पण काचेतून दाखवेल आणि कागद पुढे करेल. दात्याचं बीज वा शुक्राणू वापरायचे तर तुमच्या दोघांच्या लेखी संमतीशिवाय ते करता येत नाही. २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने दवाखान्याची नोंदणी सक्तीची केली आहे आणि आयव्हीएफ फक्त लेव्हल दोनच्या केंद्रात होतं. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. मुलगा-मुलगी निवडून देतो असं कोणी सुचवलं तर तो गुन्हा आहे. तिथून सरळ उठून या.

नागबळीचं म्हणाल तर करा. तीन दिवसांचा विधी आहे, मन शांत होत असेल आणि घर एकत्र येत असेल तर मी कोण नको म्हणणार? फक्त ‘विधीनंतर वर्षभर वाट बघू’ हे कबूल करू नका. बीजं वाट बघत नाहीत. आणि विधीला बसताना दोष एकट्या सुनेवर येणार नाही एवढं मिस्टरांनी घरात स्पष्ट बोलून ठेवावं. इथे रिपोर्ट दोघांचे आहेत.

राहिली छाटणी. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आज केलेला बदल तीन महिन्यांनी काऊंटमध्ये दिसतो. मिस्टर स्वतः फवारणी करत असतील तर आत्तापासून ती दुसऱ्याकडे द्या, निदान मास्क, हातमोजे आणि नंतर लगेच आंघोळ. तंबाखू बंद. जिममधल्या कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर हातही लावू द्यायचा नाही, त्याने काऊंट वाढत नाही, शून्यावर येतो. व्हेरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा) आहे का ते युरॉलॉजिस्टकडून एकदा तपासून घ्या. तेहतिशीला हे दोन-तीन महिने देता येतात. अडतिशीला मी म्हटलं नसतं. म्हणूनच मघाशी ‘लगेच’ला अडले.

तेव्हा आत्ता जूनमध्ये तपासण्या उरकून सप्टेंबरच्या पाळीला इंजेक्शनं सुरू करा, म्हणजे छाटणीचा धबडगा लागायच्या आत पिकअप होईल. गर्भ गोठवले तर ट्रान्सफर छाटणीनंतरच्या कुठल्याही महिन्यात करता येतं आणि त्या दिवशी मिस्टर बागेत असले तरी चालतं, सह्या आधी करून ठेवल्या की झालं. पिकअपच्या दिवशी मात्र त्यांना यावंच लागेल, दोन ते पाच दिवसांचा परहेज ठेवून. ऐन वेळी दडपणाने सॅम्पल देता न येणारे पुरुष पुष्कळ असतात, बाहेर सासरे बसलेले, आत घड्याळ. त्यामुळे ऑगस्टमध्येच एक सॅम्पल देऊन गोठवून ठेवायला सांगा. त्याचा खर्च अगदी किरकोळ आहे.